आंतरजालाचा वापर आणि पर्यावरणस्नेही आचरण
(शिक्षक संमेलनातील भाषण)



खेड्यातील प्राथमिक शाळेत आज जी मुले शिकत आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या घरी निदान एक तरी मोबाईल फोन असतो. सायंकाळी वडील शेतावरून परतले म्हणजे तो काही काळ मुलाच्या हाती येतो. त्या लहानशा काचेवर वितळणारे हिमनग दिसतात, प्लॅस्टिकच्या जाळ्यात अडकलेले कासव दिसते, उजाड डोंगर आणि कोरड्या विहिरी दिसतात. मूल क्षणभर हळहळते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेच मूल गोळीचा कागद पटांगणात टाकते आणि हात धुऊन झाल्यावर नळाची तोटी उघडीच ठेवून वर्गाकडे धावते.

यात मुलाचा अपराध थोडा आहे. वडीलधाऱ्यांची रीतही याहून निराळी नाही. वृक्षारोपणाचा संदेश शंभर जणांना पाठविणाऱ्या गृहस्थाने मागील वर्षी लावलेल्या रोपाला उन्हाळ्यात पाणी घातले होते किंवा नाही, हे विचारले तर उत्तर बहुधा अवघड जाते. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, आंतरजालाने, म्हणजे इंटरनेटने, जे ज्ञान घरोघरी पोचविले, त्यामुळे माणसाची निसर्गाशी वागणूक खरोखर बदलते काय? बदलत असेल तर ती कोणत्या मार्गाने बदलते? आणि त्या कामी प्राथमिक शिक्षकाने काय करावे? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. नुसत्या माहितीने आचरण बदलत नाही, हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. दात घासण्याचे फायदे पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलाचे दात किडलेले असतात. माहिती आणि कृती यांच्यामध्ये एक ओढा असतो व त्यावर साकव घालावा लागतो. आपण केलेल्या कृतीचे फळ आपल्याला दिसणे, शेजारीपाजारी तेच करीत आहेत हे कळणे, आणि कृती सोपी व नित्याची होणे, ही त्या साकवाची तीन लाकडे होत. आंतरजालाचा उपयोग जेथे ही लाकडे टाकण्यासाठी झाला, तेथे आचरण बदललेले आढळते. जेथे तो केवळ दृश्ये दाखविण्यासाठी झाला, तेथे हळहळीपलीकडे काही घडलेले दिसत नाही.

याचे एक मोठे उदाहरण चीन देशातील आहे. तेथे मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची ‘अलीपे’ नावाची सेवा सर्वत्र रूढ आहे. या सेवेत ऑगस्ट २०१६ मध्ये ‘अँट फॉरेस्ट’ नावाची एक योजना सुरू झाली. मनुष्य कामावर पायी गेला, बसने किंवा भुयारी रेल्वेने गेला, विजेचे बिल कागदाविना भरले, की त्याच्या खात्यावर ‘हरित ऊर्जे’चे काही ग्रॅम जमा होतात. वाचलेल्या कार्बन वायूच्या अंदाजावरून हे ग्रॅम ठरतात. पडद्यावर एक रोपटे दिसते आणि जमा झालेल्या ग्रॅमांनी ते वाढत जाते. सॅक्सॉल नावाच्या वाळवंटी झुडपासाठी आरंभी १७.९ किलोग्रॅमांचा हिशेब ठेवला होता. तेवढे जमले, की उत्तरेकडील अंतर्मंगोलियासारख्या रेताड मुलखात त्या व्यक्तीच्या नावे एक खरे रोप लावले जाते. सॅक्सॉलची मुळे खोल जाऊन वाळू धरून ठेवतात, म्हणून वाळवंटाच्या कडेला त्याची निवड झाली.

या योजनेत माणसाच्या स्वभावाची चांगली पारख दिसते. पायी चालल्याने हवा किती स्वच्छ राहिली, हे चालणाऱ्याला कधीच दिसत नाही. येथे ते दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर दिसते. मित्रांची झाडे शेजारी दिसतात, त्यांना पाणी घालता येते, आणि आपले ग्रॅम वेळेवर उचलले नाहीत तर मित्र त्यांतले थोडे हळूच काढूनही घेऊ शकतो. खेळाच्या या ओढीने लोक रोज तेथे येऊ लागले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१९ मध्ये या योजनेस ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. तोपर्यंत सुमारे ५० कोटी लोक तीत सामील झाले होते व सुमारे १२ कोटी २० लाख झाडे लावली गेली होती.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही शिक्षकाने पाहिली पाहिजे. ही योजना चालविणारी कंपनी व्यापार करणारी आहे, आणि लोकांनी तिच्याच सेवेतून अधिकाधिक व्यवहार करावेत यात तिचा लाभ आहे. लावलेली सर्वच झाडे जगली काय, कोरड्या प्रदेशात त्यांना पाणी पुरेल काय, अशा शंकाही विचारल्या गेल्या आहेत. शिवाय पडद्यावरचे झाड वाढले, आता आपले कर्तव्य संपले, अशी समजूत होण्याचा धोका राहतोच. पुण्याचा हिशेब फार चोख ठेवणारा मनुष्य कधी कधी त्या पुण्याच्या भरवशावर उधळपट्टी करतो, हे आपल्याकडील लोकांना नवीन नाही.

दुसरे उदाहरण विजेच्या बचतीचे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सॅन मार्कोस या गावी वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट सियाल्दिनी आदी मानसशास्त्रज्ञांनी सुमारे ३०० घरांत एक प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराच्या दारावर एक पत्रक लावून त्या घराने किती वीज वापरली व शेजारच्या घरांची सरासरी किती, एवढेच कळविण्यात आले. ज्यांचा वापर सरासरीपेक्षा जास्त होता त्यांनी तो कमी केला. मात्र ज्यांचा वापर मुळातच कमी होता, त्यांनी तो वाढविला! आपण इतरांपेक्षा पुष्कळच काटकसर करतो, तेव्हा थोडे सैल सोडण्यास हरकत नाही, असे त्यांना वाटले असावे. मग दुसऱ्या काही घरांच्या पत्रकावर आकड्यांबरोबर कमी वापर करणाऱ्यांसाठी एक हसरा चेहरा काढला. त्या घरांतील काटकसर टिकून राहिली.

हा प्रयोग कागदाचा होता. तथापि पुढे संगणकाच्या साहाय्याने हेच तत्त्व लक्षावधी घरांपर्यंत नेण्यात आले. अशाच सुमारे ६ लाख घरांच्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, विजेचा वापर सरासरी २ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दोन टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु एकही नवीन यंत्र न बसविता, केवळ तुलनेच्या चार ओळींनी झालेली ही बचत आहे. यातून दोन गोष्टी शिकता येतात. तुलना हे धारदार हत्यार आहे, ते जपून वापरावे. आणि जो आधीच चांगला वागतो आहे त्याला शाबासकीचा एक शब्द मिळालाच पाहिजे, नाहीतर तोही मागे सरकतो. वर्गात शिस्तीने बसणाऱ्या मुलाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही म्हणजे काय होते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील असून शाळांस सर्वांत जवळचे आहे. ते पक्षी व झाडे यांच्या नोंदींचे होय. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा व ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले. कोणीही पक्षी पाहावेत, मोजावेत आणि तारीख, वेळ व ठिकाण यांसह त्यांची नोंद तेथे करावी, अशी ही व्यवस्था आहे. भारतातील हौशी निरीक्षकांनी त्यात हिरिरीने भाग घेतला. त्यांच्या नोंदींच्या आधारे २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला मोठा अहवाल निघाला. त्यासाठी १५ हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे १ कोटी नोंदी उपयोगी पडल्या. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आणि नोंदींची संख्या ३ कोटींवर गेली. हे काम पगारी शास्त्रज्ञांच्या हातून झाले नसते. त्यांत विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, निवृत्त नोकरदार होते आणि शिक्षकही होते.

या अहवालातून चिमणीविषयी जी गोष्ट निघाली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे या घरगुती पाखराविषयी लोकांत आस्था निर्माण झाली, हे चांगलेच झाले. पण त्याचबरोबर मोबाईलच्या मनोऱ्यांनी देशातील चिमण्या नष्ट केल्या, असा मजकूरही फोनाफोनांवर फिरू लागला. प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? २०२० च्या अहवालानुसार मोठ्या महानगरांत चिमणी कमी झाली आहे, परंतु देशभराचा विचार करता तिची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत बहुतांशी स्थिर राहिली आहे. मनोऱ्यांवरील आरोपास सबळ पुरावा मिळालेला नाही. ज्या आंतरजालावरून अर्धसत्य पसरले, त्याच आंतरजालावर हजारो लोकांनी प्रामाणिकपणे केलेल्या नोंदींनी ते दुरुस्त केले. साधन एकच, परंतु एका वेळी ते ऐकीव मजकूर पुढे ढकलण्यासाठी वापरले गेले आणि दुसऱ्या वेळी डोळ्यांनी पाहिलेले नोंदविण्यासाठी. सारे अंतर येथेच आहे.

झाडांच्या बाबतीत ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम असाच चालतो. परिसरातील एखादे आंब्याचे, चिंचेचे, फणसाचे किंवा बहाव्याचे झाड निवडावयाचे, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जावयाचे, आणि कोवळी पाने, कळ्या, फुले, फळे नाहीत, थोडी आहेत की पुष्कळ आहेत एवढे नोंदवावयाचे. केरळातील शाळांनी या कामी पुढाकार घेतला. ऋतुमान बदलत आहे काय, बहावा वेळेआधी फुलतो काय, यांची उत्तरे अशा नोंदींतून वर्षानुवर्षांनी मिळत जातात. आणि उत्तर मिळण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट घडलेली असते. वर्षभर ज्या झाडाकडे मूल दर आठवड्यास गेले, त्या झाडाची फांदी कोणी तोडू लागला तर ते मूल मध्ये पडते.

महाराष्ट्रातील ग्रामीण अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात उन्हाळ्यात ४५ दिवसांची ‘वॉटर कप’ स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव हे तीनच तालुके तीत होते आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने पहिले बक्षीस मिळविले. समपातळी चर कसा आखावा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसे अडवावे, हे प्रशिक्षणातून व चित्रफितींतून गावकऱ्यांनी शिकून घेतले. परंतु चित्रफीत पाहून कोणाच्याही शिवारात पाणी मुरले नाही. ते मुरले कुदळ-फावड्याने. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलण्यास आरंभ केला, तेव्हाही असेच घडले. प्रथम हात वाकले, मग त्याची छायाचित्रे व वार्ता दूरवर गेली, आणि ती पाहून आणखी हात आले. कृती आधी आणि प्रसिद्धी नंतर, हा क्रम तेथे होता म्हणून ते काम टिकले.

आता आंतरजालाच्या खर्चाचाही हिशेब मांडला पाहिजे. हे जाळे हवेत तरंगत नाही. प्रत्येक चित्रफीत कोठेतरी मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांवर साठविलेली असते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे अशा केंद्रांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगातील एकूण विजेच्या ती सुमारे दीड टक्का भरते. टाकून दिलेल्या विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा ढीग २०२२ साली जगभर सुमारे ६ कोटी २० लाख टन झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच होती. उरलेल्यातील काही भाग खेड्यापाड्यांतील भंगारातही येतो. तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या, तर त्या धुराचे विष प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत जाते. घरबसल्या वस्तू मागविण्याची सोय झाली, तिच्याबरोबर खोकी आणि प्लॅस्टिकची वेष्टनेही घरात आली. एखाद्या फुललेल्या पठाराचे किंवा धबधब्याचे छायाचित्र लोकप्रिय झाले, की तेथे गर्दी उसळते आणि फुले पायदळी जातात.

चुकीच्या सल्ल्याने होणारी हानीही लक्षात घ्यावी. ‘मोकळ्या माळावर झाडे लावा’ असे सांगणारे संदेश सद्भावनेने लिहिलेले असतात. पण माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरातील गवताळ माळ हे माळढोकाचे घर म्हणून प्रसिद्ध आहे. अशा माळावर झाडांची दाटी केली, तर मोकळ्या गवतात वावरणाऱ्या या पक्ष्याला जागाच उरत नाही. झाड लावणे चांगले. पण कोणते झाड, कोठे आणि त्याला पाणी कोण घालणार, हे विचारल्यावाचून ते चांगले ठरत नाही.

या सर्व विवेचनावरून प्राथमिक शिक्षकाच्या कार्याची दिशा स्पष्ट होते. पुढील गोष्टी कोणत्याही लहान शाळेत, अगदी एकशिक्षकी शाळेतही, करता येण्याजोग्या आहेत. त्यांस मुलांच्या हाती फोन देण्याची आवश्यकता नाही. शिक्षकाचा एकच फोन पुरे आहे.

(१) शाळेच्या आवारातील किंवा वाटेवरील एक झाड वर्गाने निवडावे. दर आठवड्यास एका ठरलेल्या वारी पाहणी करून फळ्याच्या कोपऱ्यात व वहीत नोंद करावी, आणि तीच नोंद शिक्षकाने आंतरजालावर पाठवावी. आपल्या गावचे झाड देशाच्या नोंदीत गेले, हे मुलांस आवर्जून दाखवावे.

(२) दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते व भारतातही ती उत्साहाने पार पाडली जाते. त्या दिवसांत निदान १५ मिनिटे मुलांनी एका जागी शांत बसून पक्षी मोजावेत. नाव ठाऊक नसलेल्या पक्ष्याचे नाव दडपून लिहू नये. ‘ओळखला नाही’ असे लिहिणे हाही शास्त्राचा पाठ आहे.

(३) विजेच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. शाळेचे बिल गणिताच्या तासास घ्यावे आणि या महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. आपल्याकडे विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, यावरून वाचलेल्या युनिटांचा गुणाकार मुले सहज करतील. मात्र एका घराची तुलना दुसऱ्या घराशी वर्गात करू नये. कोणाच्या घरी एकच दिवा आहे आणि कोणाकडे वीज तोडली आहे, हे चव्हाट्यावर येता कामा नये.

(४) पर्यावरणाविषयी आलेला एखादा संदेश आठवड्यातून एकदा वर्गात वाचावा आणि तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? केव्हा व कोठे पाहिले? आपल्या गावात ते खरे आहे काय, हे कसे तपासता येईल? ज्याची उत्तरे मिळत नाहीत, तो संदेश पुढे पाठवू नये.

(५) बिघडलेले चार्जर, विजेरीचे सेल व जुने फोन यांसाठी शाळेत एक झाकणाची पेटी ठेवावी व ती वेळोवेळी अधिकृत संकलन केंद्राकडे पोचवावी. फुगलेली बॅटरी मुलांनी हाताळू नये. ती शिक्षकाने स्वतः वेगळी ठेवावी.

(६) मुलांची नावे व चेहरे दाखवून केलेल्या कामाची जाहिरात करू नये. झाडाचे छायाचित्र लावण्याच्या दिवशी घेतले, तर दुसरे एक वर्षाने, त्याच जागी उभे राहून घ्यावे. ती दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावली म्हणजे खरे काम आपोआप बोलते.

१९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींनी नव्या शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा ज्ञान हाताच्या कामाशी जोडले गेले पाहिजे हे त्याचे मर्म होते. त्या वेळी साधन तकलीचे व कुदळीचे होते. आज त्यात आंतरजालाची भर पडली आहे. साधन बदलले तरी मर्म बदललेले नाही. आंतरजाल दूरचे जवळ आणते, विखुरलेल्या माणसांच्या लहान कामांची बेरीज करून दाखविते, आणि एकाकी वाटणाऱ्या शिक्षकास दूरच्या शेकडो शाळांची सोबत देते. रोपाला पाणी घालण्याचे काम मात्र ते करू शकत नाही.

येत्या उन्हाळ्यात शाळा बंद असताना गेल्या पावसाळ्यातील रोपांना पाणी कोण घालणार, याची पाळी सुट्टी लागण्यापूर्वीच ठरवून ती शाळेच्या दारावर लावावी. तेवढे ज्या शाळेत झाले, त्या शाळेने पडद्यावर पाहिलेले व्यर्थ घालविले नाही, असे निश्चित समजावे.